वजनाला चार माणसं

रघ्याला राग यायला एरवी कारण लागत नसे, पण या वेळी कारण होतं. तलासरीच्या नाक्यावर आयुष्य गेलं त्याचं जीप चालवण्यात, आणि काल मिसरूड फुटलेली पोरं त्याला सांगत होती की काका, उद्यापासून तुमची जीप शौचालयामागे लावा.

पोरं म्हणजे नव्या पांढऱ्या व्हॅनवाली. त्यांचा म्होरक्या सुनिल. दोन हजार अठराची दिवाळी झाली, भात कापून झालं आणि याच्या डोक्यात किडा वळवळला. नाक्यावर दोन रांगा करायच्या. व्हॅनची पुढे, हायवेच्या तोंडाशी, जिथे एसटीतून उतरलेल्या माणसाची पहिली नजर पडते. जीपची मागे, जिथे माणूस नाक दाबून जातो आणि नाक दाबूनच परत येतो. तिथे उभ्या राहिलेल्या जीपला पॅसेंजर कुठून मिळणार? रघ्या मनातून घाबरला. पण त्याची रीत अशी, की भीती वाटली की ओरडायचं, त्यामुळे लोकांना वाटलं म्हातारा चिडलाय.

"एकदा दिवसभर माझ्याबरोबर धावून दाखवा," तो ओरडला. "मग कळेल कोण पुढचं न् कोण मागचं."

झालं. सुनिलला तेच हवं होतं. त्याच्या मोबाइलवर परदेशातल्या शर्यतींचे व्हिडिओ होते, चोवीस तास चालणाऱ्या. एका गाडीला आलटून पालटून ड्रायव्हर, आणि एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या गटांच्या गाड्या. वेगवान गाड्यांचा गट वेगळा, हळू गाड्यांचा वेगळा, बक्षिसंही वेगळी. चोवीस तास काही परवडणारे नव्हते, डिझेल काय आभाळातून पडतं? म्हणून सहा तासांवर तोडगा निघाला. जागा ठरली अच्छाडच्या ढाब्यांमागचं माळरान. बंद वीटभट्टीला वळसा घालायचा, पाड्यावरच्या हातपंपापाशी वळायचं आणि परत यायचं. जीपवाल्यांकडून एकटा रघ्या धावणार; सहा तास संपताना त्याची जीप पुढे असली तर रांग एकच राहणार, व्हॅन असली तर दोन होणार.

शर्यत सहा तासांची, पण तिचे नियम ठरायला तीन रविवार गेले. पंच होती निर्मलाताई. तिची चहाची टपरी नाक्यावरच, सगळ्यांचे नंबर तिच्यासमोर लागायचे आणि सगळ्यांची भांडणंही तीच मिटवायची.

"दोन गट करू," सुनिल पहिल्या रविवारी म्हणाला. "नवा गट, जुना गट. काका, तुम्ही जुन्यात पहिले आलात तर तुम्हालाही हार घालू."

"आणि हार घालून शौचालयामागेच उभा करशील ना?" रघ्या म्हणाला. "आधी माणसाची पंगत वेगळी मांडायची आणि मग म्हणायचं, पोटभर जेवा. मला नको तुझा गट."

निर्मलाताईला ते पटलं. गट एकच ठरला. पण मग व्हॅन पळणार वाऱ्यासारखी आणि जीप खोकत खोकत मागून येणार, यात शर्यत कसली? दुसऱ्या रविवारी ठरलं की व्हॅनमध्ये वजन भरायचं. भाताची पोती सुचवली, तर पोती द्यायला कोणी तयार होईना. शेवटी वजन म्हणून माणसंच बसवायची ठरली, प्रत्येक व्हॅनमध्ये चार. जीप मात्र रिकामी धावेल. तिसरा रविवार माणूस कशाला म्हणायचं यावर गेला. एकाने मांडीवरचं पोर मोजायला सांगितलं, दुसऱ्याने मासळीची टोपली. निर्मलाताईने कपाळाला हात लावला. "ज्याचं भाडं घेता तो माणूस," ती म्हणाली. "आणि सुटताना जेवढी असतील तेवढीच पोचताना दिसली पाहिजेत."

सुनिल पक्का बेरकी. त्याने सगळ्या पाड्यांत फिरून चार काडीपैलवान गोळा केले. त्यातली एक त्याची स्वतःची आई, नवशी. ती ओल्या लुगड्यासकट तोलली तरी काटा हलायचा नाही. रघ्याने तक्रार केली, पण नियमात जाडीबद्दल अक्षर नव्हतं.

रघ्याचा दुसरा ड्रायव्हर कोण, तर त्याची बायको हिरी. हसू नका. जीप सकाळी धक्का मारल्याशिवाय सुरू होत नसे, धक्का रघ्या मारायचा आणि स्टिअरिंगवर हिरी बसायची. अशी वर्षानुवर्षं क्लच सोडून सोडून ती गाडी शिकली होती. फक्त दुसऱ्या गिअरच्या पुढे कधी गेली नव्हती, कारण तेवढ्यात रघ्या धापा टाकत येऊन तिला उतरवायचा.

शर्यत सकाळी आठला सुटली. व्हॅन भुर्रकन गेल्या आणि रघ्या धुळीत एकटाच राहिला. त्याला वाटलं, संपलं. पण लांबच्या शर्यतीचं तसं नसतं बरं का. दोन तासांत वजनं बोलायला लागली. एका व्हॅनमधल्या बाया हळदीला जायचंय म्हणून मधेच उतरून गेल्या, ती व्हॅन बाद झाली. दुसरीतल्या एकाला उलट्या लागल्या. तिसरी भट्टीजवळच्या खड्ड्यात बसली ती उठेचना. मधले दोन तास हिरीने जीप चालवली, सगळी दुसऱ्याच गिअरमध्ये, देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी. ना जीप तापली, ना खोकली. रघ्या बांधावर उभा राहून बघत होता आणि त्याला बायकोचा इतका अभिमान वाटला, की त्याने शेजारच्या अनोळखी ट्रकवाल्याला उगाच चहा पाजला.

शेवटच्या तासाला पुढे सुनिल होता आणि त्याच्यामागे रघ्या. शेवटून दुसऱ्या फेरीत हातपंपापाशी सुनिलचं चाक पंक्चर झालं. चारही माणसं खाली उतरली. सुनिल आणि त्याचा जोडीदार जीवन चाक बदलायला लागले आणि त्यांच्या शेजारून रघ्याची जीप हॉर्न वाजवत पुढे गेली. रघ्याने आयुष्यात इतका लांब हॉर्न कधी दिला नव्हता.

आता एकच फेरी राहिली होती. रघ्याला मनात नाका दिसायला लागला, हायवेचं तोंड, एसटीतून उतरणारे लोक, आणि सगळ्यात पुढे आपली जीप. त्याचे डोळे भरून आले. भट्टीचं वळण त्याने घेतलं, पाडा आला, हातपंप आला. आरशात लांबवर पांढरी व्हॅन दिसत होती, पण ती आता काय गाठते?

आणि हातपंपाच्या पुढे रस्त्याच्या कडेला कुणी बाई उभी होती. तिने हात केला.

रघ्याच्या मनात थांबायचं बिलकूल नव्हतं. पण पायाला कोण सांगणार? हात दिसला की तो पाय ब्रेकवर जायचा, ऊन असो, पाऊस असो, घरात मयत असो. जीप करकचून थांबली. बाई पायरीवर पाय ठेवून वर चढायला लागली, तेवढ्यात सुनिलची व्हॅन धुरळा उडवत बाजूने गेली. बाईने तिलाही हात केला. सुनिलला वाटलं बघायला आलेल्यांपैकी कोणी आहे, त्याने मजेत हात हलवला आणि गेला.

"आत सरकून बसा," रघ्या म्हणाला. मागे सगळी जीप मोकळी होती, तरी म्हणाला. मग त्याने वळून बघितलं. "नवशी? तू तर त्याच्या गाडीत होतीस ना?"

"होते की," नवशी पदराने तोंड पुसत म्हणाली. "पाणी प्यायला पंपावर गेले. परत येते तर गाडी नाही. हाका मारल्या, पण त्याच्या गाण्यात ऐकू येतंय कशाला? तू हळू चालव बाबा, माझी कंबर मोडलीये."

रघ्याला रडावंसं वाटत होतं. रांग गेली, नाका गेला, आणि तेही स्वतःच्याच पायामुळे. तरी तो नवशीची कंबर सांभाळत हळू चालवत राहिला.

शेवटच्या खुणेपाशी सुनिल व्हॅनच्या टपावर चढून नाचत होता. हिरी धावत आली. "थांबलास कशाला मेल्या?" म्हणून तिने सुरुवात केली, तेवढ्यात मागून नवशी उतरली आणि सुनिलचं नाचणं जागच्या जागी थांबलं.

निर्मलाताईने व्हॅनमध्ये डोकावून माणसं मोजली. "सुटताना चार, पोचताना तीन," ती म्हणाली. "व्हॅन बाद."

"मग जीपही बाद," जीवन पुढे आला. "नियम वाचा. जीप रिकामी धावेल. काकांनी माणूस घेतलाच कसा?"

"पॅसेंजर घेतला म्हणून गाडी बाद करायची असेल तर नाक्याला टाळं लावा," निर्मलाताई म्हणाली.

"पॅसेंजर कुठे?" जीवन ऐकेना. "ते आमचं वजन आहे. आमचं वजन त्यांच्या गाडीत निघालं, एवढंच."

यावर पुन्हा तीन रविवार जाणार अशी चिन्हं दिसायला लागली. सगळे एकदम बोलत होते. रघ्यात मात्र ओरडायचीही ताकद उरली नव्हती.

तेव्हा नवशी मधे आली. आवाज न चढवता तिने मुलाकडे बघितलं. "जीवन बोलतो ते खरंय," ती म्हणाली. "तुझ्या गाडीत मी सकाळपासून बसले, तू एकदा मागे वळून बघितलं नाहीस. पाणी हवं का विचारलं नाहीस. वजनाला कोण विचारतं? पण रघ्याला मी हात केला, तो थांबला, सरकून बस म्हणाला. त्याच्या गाडीत मी पॅसेंजर होते."

जीवनने नियमांचा विषय सोडला. सुनिल टपावरून उतरला, त्याने व्हॅनमधलं गाणं बंद केलं आणि खालमानेने म्हणाला, "रांग एकच राहील, काका." रघ्याने त्याला सुनवायला तीन रविवारांपासून भरपूर साठवून ठेवलं होतं. पण पोराचा चेहरा बघून त्याने ते सगळं गिळून टाकलं.

"चल आई, घरी सोडतो," सुनिल म्हणाला.

नवशी तोवर परत जीपमध्ये जाऊन बसली होती, हिरीच्या शेजारी. "तू हो पुढे," ती म्हणाली, "मी येते."

पण सुनिल पुढे झाला नाही. अच्छाडपासून तलासरीपर्यंत जीप आपल्या चालीने गेली आणि नवी कोरी व्हॅन तिच्या मागून आली, मोकळा हायवे असून, एकदाही ओव्हरटेक न करता.