धाप न लागणारं यंत्र

आमच्या घरात जीप सगळ्यात चांगली मी चालवते आणि सगळ्यात कमी चालवायला मिळते तीही मलाच. ही बढाई नाही. मेंढरांचा मुक्काम हलला की जाळ्या, भांडी, घोंगड्या आणि नुकती जन्मलेली कोकरं जीपमध्ये घालून मीच नेते. ओढ्यातून नेते, नांगरटीतून नेते, जिथे रस्ता फक्त मेंढरांनाच माहीत असतो तिथूनही नेते. हिंगोलीला जाऊन लायसन काढलेलं आहे. पण चाक डांबराला लागलं की माझे सासरे मसाजी हात वर करतात, मी उतरते आणि माझा नवरा शिवहार स्टिअरिंगवर बसतो. लोकांदेखत सून गाडी चालवते हे मामांना, म्हणजे सासऱ्यांना, आठ वर्षांत पचलेलं नाही. शिवहारला मी समोर अहो-जाहो करते. लिहिताना एकेरीतच लिहिणार, तेवढी मोकळीक मला असू द्या.

तर जानेवारीत हिंगोलीच्या अनिरुद्ध डॉक्टरांनी, म्हणजे दातांच्या डॉक्टरांनी, जीपवाल्यांची सहल काढली. औंढ्याहून निघायचं, सिद्धेश्वर धरणाच्या कडेकडेनं, नदीच्या वाळूतून, माळावरून येलदरीकडे जायचं. दोन दिवस डांबराला चाक लावायचं नाही, हा नियम. मी तो निरोप फोनवर वाचला आणि उभ्या उभ्या नाचायचीच बाकी राहिले. दोन दिवस डांबर नाही, म्हणजे दोन दिवस मला उतरायचं काही कारणच नाही!

दुसरा नियम असा, की प्रत्येक गाडीत हवा भरायचं स्वतःचं यंत्र पाहिजे. वाळूत आणि भुसभुशीत मातीत टायरची हवा कमी करावी लागते, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. पुढे खडक लागला की परत भरायची. निघायच्या सकाळी परीक्षा होती. चारही टायरची हवा अठरा पौंडांवरून बत्तीसवर न्यायची, पंचवीस मिनिटांत. न जमणाऱ्या गाडीनं घरी जायचं.

मामांनी सगळं ऐकून घेतलं, पानाला चुना लावला आणि म्हणाले, "जीप देतो. यंत्र मी निवडनार. आन चालवायचं कोन, ते मागून सांगतो."

डॉक्टरांच्या फॉर्मवर 'चालकाचं नाव' अशी एक ओळ होती. ती मामांनी कोरी ठेवायला लावली. त्या कोऱ्या ओळीपायी माझी तीन आठवडे झोप उडाली.

शिवहारला वाटलं, यंत्र निवडणं हे त्याचं काम. त्यानं त्या विषयावर एक्केचाळीस व्हिडिओ बघितले. मेंढरं पुढे, हा मागे फोनमध्ये. एक्केचाळिसाव्याच्या शेवटी त्यानं आम्हाला न विचारता एक पांढरंशुभ्र यंत्र मागवलं. मुठीएवढं, पुढे दिवा, पोटावर आकडे.

"लायटरच्या सॉकेटात खोचायचं, बस!" असं म्हणत तो वायर घेऊन जीपमध्ये शिरला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही.

आमच्या जीपला सॉकेट नाही. त्या जागी भोक आहे आणि त्या भोकात माझ्या सासूबाईंची, चंद्रभागाबाईंची, मिसरीची डबी बसवलेली असते. जीप घरात आली तेव्हापासून ती तिथंच आहे. शिवहार रोज ती डबी बघतो. एक्केचाळीस व्हिडिओ बघणाऱ्या माणसाला स्वतःच्या गाडीतलं भोक दिसू नये!

"आता काय करायचं?" तो म्हणाला.

"माझी डबी काढायची न्हाई, सांगून ठिवते," आत्या, म्हणजे सासूबाई, आतून म्हणाल्या. ते यंत्र परत गेलं.

मग आम्ही तिघं सेनगावला अमरसिंगच्या टायर-बॅटरीच्या दुकानात गेलो. सकाळचे नऊ वाजले होते. अमरसिंगनं हसून एक लाल यंत्र काढलं. चकचकीत, आकड्यांचा पडदा, शिवाय फुकट पिशवी.

"लई चालतंय हे. घ्या डोळे झाकून."

"बारा वाजू दे," मामा म्हणाले आणि दुकानापुढच्या टायरच्या चळतीवर जाऊन बसले.

अमरसिंगला काही कळेना. मला कळलं आणि हसूही आलं. मामांनी उभ्या आयुष्यात मेंढा सकाळी विकत घेतलेला नाही. सकाळी बाजारात उभा केलेला कुठलाही मेंढा राजबिंडाच दिसतो, असं ते म्हणतात. ते दुपारची वाट बघतात. मग त्या मेंढ्याला उन्हात दोन फेरे चालवतात, बरगडीखाली तळहात लावतात आणि तोंडाकडे बघत बसतात. तोंड उघडलं, धाप लागली, की सौदा मोडला. हवेचं यंत्रही ते तसंच घेणार होते.

"बाबा, चालवून मिळत न्हाई. कंपनीचा माल हाय," अमरसिंग म्हणाला.

"मिळू नगं दे. मी बसून राहिलो," मामा म्हणाले. ते तीन चहा पिऊन तिथंच बसले. त्यांच्याखालचं टायर मागायला दोन गिऱ्हाइकं आली आणि परत गेली. अकरा वाजता अमरसिंगनं हात जोडले.

बरोबर बारा वाजता, फेब्रुवारीच्या चांगल्या कडक उन्हात, मामांनी मला हाक मारली. "दिपाली, हवा सोड चारीची. अठरा ठिव."

मी सोडली. लाल यंत्राचे चिमटे बॅटरीला लावले, इंजिन चालू ठेवलं आणि पहिला टायर भरायला बसले. शिवहार सावलीत उभा राहून 'लिटर पर मिनिट' वगैरे सांगत होता. पहिला टायर झाला. दुसरा झाला. मामा लाल यंत्राच्या अंगाला तळहात लावून बसलेले. तिसऱ्या टायरवर ते यंत्र घुरघुरलं आणि गप्प झालं.

"काय झालं?" मी विचारलं.

"आराम करून राहिलं," अमरसिंग म्हणाला. "गरम झालं का आपोआप बंद पडतं. वीस मिन्टांनी परत चालू. सेफ्टी हाय ती."

"धाप लागली," मामा म्हणाले. "दुसरं काढ."

दुसरं निळं होतं. त्याला धाप लागली नाही, पण त्याची नळी मागच्या टायरपर्यंत पोचेना. मामा म्हणाले, मान आखूड असलेलं जनावर चरणार कसं? अमरसिंगनं ते गुमान आत ठेवलं. प्रत्येक यंत्रामागे मी चार टायरची हवा सोडायची, चार टायर भरायचे. उन्हात, गुडघ्यावर, पदर खोचून. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. एक एसटी आमच्यापाशी हळू झाली, ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, "पंक्चर हाय का?" मी ओरडले, "न्हाई, सोयरीक जमवून राहिलो!" आणि सगळा चौक हसला. मामाही हसले असावेत, पण त्यांनी तोंड फिरवलं होतं.

शेवटी अमरसिंगनं खालच्या फळीच्या मागून एक काळं धूड काढलं. दोन सिलिंडरचं, वजनदार, ना दिवा ना पिशवी, काट्याचा साधा मीटर, अंगावर बोटभर धूळ. "हे कुनी घेत न्हाई. दिसायला बरं न्हाई," तो म्हणाला.

त्या धुडानं चारही टायर भरले. मामा म्हणाले, परत सोड. मी परत सोडली, परत भरली. यंत्र तापलं, पण एकसुरी घुमत राहिलं. मामांनी तळहात लावला, कान लावला, उचलून वजन बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी घामानं निथळत होते, तोंडाला ग्रीस लागलं होतं, आणि का कोण जाणे, मला फार मजा येत होती.

"हेच," मामा म्हणाले.

घरी आलो तर दारात आत्या तांब्या घेऊन उभ्या. आमच्याकडे नवं जनावर विकत आणलं की दारातच त्याच्या पायांवर पाणी घालतात, कपाळाला भंडारा लावतात आणि चिमूटभर तोंडात घालतात. आत्यांना विचारून काही उपयोग नसतो. त्यांनी यंत्राच्या चारही रबरी पायांवर पाणी घातलं, डोक्यावर हळद-कुंकू लावलं आणि भंडाऱ्याची वाटी उघडली. मी धावत जाऊन मध्ये पडले. हवा आत घ्यायच्या जाळीवर त्यांनी चिमूट टाकलीच होती. ती जाळी काढून मी ब्रशनं साफ केली, फडक्यानं पुसली आणि वाचलो बाबा म्हणून यंत्र खोक्यात घातलं. आत्या गालात हसत होत्या. ते हसू मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

रविवारी सकाळी औंढ्याच्या बाहेरच्या माळावर सहा गाड्या उभ्या होत्या. डांबरावरून जीप अर्थातच शिवहारनं आणली. आत्या नागनाथाच्या दर्शनाला म्हणून सोबत, मामा परीक्षा बघायला म्हणून. मेंढरं संध्याकाळपर्यंत शेजारच्या वसरामच्या हवाली. नंतर मामा आणि आत्या एसटीनं परत जाणार, असं ठरलेलं.

अनिरुद्ध डॉक्टर पांढरा, इस्त्रीचा, खूप खिशांचा शर्ट घालून याद्या तपासत होते. आधी त्यांनी स्वतःचीच परीक्षा दिली. त्यांचं यंत्र लाल होतं. ते तिसऱ्या टायरवर घुरघुरलं आणि गप्प झालं.

"थर्मल कट-ऑफ आहे हा," डॉक्टर म्हणाले.

"धाप लागली," मामा म्हणाले.

डॉक्टरांनी आयोजक म्हणून स्वतःला माफ केलं आणि आमच्याकडे वळले. "कोण भरणार?"

"ती," मामांनी माझ्याकडे बोट केलं.

घड्याळ चालू झालं. मी चिमटे लावले, इंजिन चालू केलं. डॉक्टर नळीच्या तोंडाशी वाकून म्हणाले, "आधी हवा येते का, दाखवा बरं." मी बटण दाबलं.

फस्स! पिवळाधमक ढग उठला. ढग खाली बसला तेव्हा डॉक्टरांचा शर्ट, मिशा, चष्मा, हातातली यादी, सगळं भंडाऱ्यात न्हालेलं. जनावराच्या तोंडात चिमूट घालायची रीत, आणि यंत्राचं तोंड म्हणजे नळी! मी जाळी साफ करत होते तेवढ्यात आत्यांनी तिच्यात चांगला मूठभर भंडारा भरला होता.

मग मामांनी काठी आभाळात उंचावली. "यळकोट यळकोट!"

"जय मल्हार!" सहाही गाड्यांमधली माणसं गरजली. पिवळे डॉक्टरही गरजले, दुसरं करणार काय? मी हसत सुटले. नळी टायरला लावायची तर ती सारखी निसटत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि घड्याळ कुणासाठी थांबत नव्हतं. "अगं लाव, लाव!" शिवहार ओरडत होता. तीन मिनिटं हसण्यात गेली. मग एकदम मला ती कोरी ओळ आठवली आणि माझं हसू थांबलं. इथं हरले तर आठ वर्षांची सोळा होतील.

मी नळी बसवली. एक टायर. दोन. हात आपोआप चालत होते. सेनगावच्या चौकात इतके टायर भरले होते की आकडा न बघता मला आवाजावरून कळत होतं. तीन. काळं धूड एकसुरी घुमत होतं. चौथ्या टायरचा काटा बत्तीसवर गेला तेव्हा डॉक्टरांनी पिवळ्या बोटानं घड्याळ दाबलं. चोवीस मिनिटं आणि थोडं वर.

टाळ्या झाल्या. डॉक्टरांनी हळद झटकून फॉर्म काढला. "चालकाचं नाव राहिलंय."

मामा उठले. त्यांनी यंत्राला तळहात लावला. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि माझ्या तोंडाकडे बघू लागले. त्याच नजरेनं, बारा वाजताच्या. आणि तेव्हा मला सेनगावची ती सगळी दुपार उलगडली. एवढे टायर मीच का सोडले, मीच का भरले, यंत्र पास झाल्यावरही परत सोड का म्हणाले.

"धाप लागली का?" मामांनी विचारलं.

"न्हाई, मामा."

"मंग लिवा," ते डॉक्टरांना म्हणाले. "दिपाली."

सहा गाड्यांच्या माणसांदेखत त्यांनी शिवहारच्या खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. मला रडू येतं की हसू, हे मलाच कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

मी स्टिअरिंगवर बसले. शिवहार बाजूचं दार उघडायला आला, तर तिथं मामा काठी आणि घोंगडीसकट बसलेले. मागे आत्या, मांडीवर भाकरीचं गाठोडं. त्यांना कोणी ये म्हटलं नव्हतं.

"ह्या डोंगरानं उभी हयात पायी फिरलो," मामा म्हणाले. "एकदा बसून बघतो. शिवहार, तू एसटीनं जा. वसरामला संध्याकाळी मोकळं करायचं हाय."

"मी? बाबा, मी एक्केचाळीस व्हिडिओ बघितले!"

"मंग बेचाळिसावा आमचा बघ," मामा म्हणाले.

त्याचं तोंड बघून मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण उतरून जागा द्यावी इतकं नाही वाटलं. मग तोच हसला, फोन वर धरला आणि म्हणाला, "चला, घेऊन राहिलो." मी जीप गिअरमध्ये टाकली. माळ संपून धरणाकडे वळताना आडवा एक डांबरी रस्ता लागतो. तो ओलांडावाच लागतो, तेवढी डॉक्टरांची सूट होती. दोन्ही बाजूंना औंढ्याला जाणाऱ्या भाविकांची गर्दी उभी होती. सवयीनं माझा पाय ब्रेकवर गेला आणि मी मामांच्या हाताकडे बघितलं.

हात काठीवरच होता. मी चाक डांबरावर घातलं.