चौथा नट

मागच्या चाकातून फटफट आवाज यायला लागला तेव्हा सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. अकराला बाबांचं डायलिसिस होतं. चिमणीनं गाडी कडेला घेतली, खाली उतरून पाहिलं. टायर पार जमिनीला टेकला होता.

चिमणी हे तिचं घरातलं नाव. बेचाळिशी उलटली, लायब्ररीत दहा माणसांवर हुकूम चालवायला लागली, तरी बाबांच्या तोंडी तेच. बाबा चाळीस वर्षं कारखान्यात फिटर होते. आता मूत्रपिंडांनी हात टेकले होते. दोन दिवसांच्या खंडामुळे पाय सुजले होते आणि रात्र त्यांनी खुर्चीत बसून काढली होती. आडवं झालं की दम लागत होता.

"पंक्चर का गं?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

"हो. तुम्ही बसून राहा. पाच मिनिटांचं काम आहे."

तिनं दवाखान्यात फोन लावला. नर्स म्हणाली, "साडेअकरापर्यंत जागा धरून ठेवते. त्यापुढे माझा इलाज नाही, बाहेर माणसं बसलीत." गाडी मागवावी तर जवळची पाऊण तासावर होती.

तिनं घाईघाईनं जॅक लावला, चाक उचललं, पाना नटावर चढवला. जोर लावला तर नटाबरोबर अख्खं चाकच फिरलं.

"आधी नट सैल कर, मग उचल," आतून आवाज आला. "खाली घे गाडी."

पुन्हा खाली. पाना डावीकडे आडवा धरून तिनं त्यावर पाय दिला. सगळं वजन टाकलं तेव्हा पहिला नट हलला. मग दुसरा, तिसरा. चौथा मात्र ढिम्म. ती पान्यावर उभी राहिली, उड्या मारल्या. पाना सटकला आणि नडगी सोलवटून निघाली.

चार दिवसांपूर्वी गॅरेजमध्ये तिनंच बजावलं होतं, "चांगले घट्ट बसवा हं, आजारी माणसाला घेऊन फिरायचं असतं." आणि त्या माणसानं हवेच्या मशीननं घर्रकन आवळून टाकले होते. आता स्वतःलाच दोन ठेवून द्याव्यात असं तिला वाटलं.

दार उघडल्याचा आवाज झाला. बाबा उतरत होते.

"बाबा, आत बसा!"

"पाना दे इकडे."

"त्या हातानं? डायलिसिसच्या सुया टोचतात त्या हातावर जोर द्यायचा नाही म्हणून डॉक्टरांनी दहादा सांगितलंय! तुम्हाला काही झालं तर मी काय करू?" तिचा आवाज चिरकला. इतक्या वर्षांत ती त्यांच्यावर कधी ओरडली नव्हती.

बाबा दाराला धरून उभे राहिले. चार शब्दांनीही त्यांना धाप लागत होती. "बरं. मी... हात लावत नाही. पण पाइप आण कुठून तरी. पान्याच्या दांड्यावर चढवायला. दांडा लांब झाला की... जोर कमी लागतो."

शंभरेक पावलांवर रोपवाटिका होती. चिमणी पळत सुटली. तिथली मालकीण गुलाबाच्या कुंड्यांना पाणी घालत होती. चिमणीला धड सांगताही येईना: पाइप, बाबा, चाक. मालकिणीनं झारी ठेवली, वेलीला आधार दिलेला लोखंडी पाइप उपसला आणि म्हणाली, "चला, मीच येते. वजनाच्या बाबतीत देवानं हात आखडता घेतलेला नाही."

पाइप दांड्यावर चढला. दोघींनी मिळून टोकावर भार टाकला. काहीच होईना. मग एकदम कर्र... असा आवाज झाला आणि पाइप खाली गेला. चिमणी ओरडली, "तुटला! बाबा, मोडला नट!"

"आवाज कसा आला? कट्ट की कर्र?"

"कर्र."

"मग सुटला. लोखंड मोडताना... कट्ट म्हणतं. बघ फिरवून."

तिनं पाना फिरवला. नट निमूट फिरला.

स्टेपनी चढली. गाडी खाली आल्यावर चिमणीनं नट पुन्हा आवळले, आणि चौथ्यावर पाय द्यायला गेली.

"बास," बाबा म्हणाले. "पाना हातानं दाबून बसेल तेवढा पुरे."

"निघाला तर?"

"नाही निघणार. मी सांगतोय ना."

तिला पटलं नव्हतं. तरी तिनं पाय मागे घेतला. मालकीण पाइप खांद्यावर टाकून "जा, जा लवकर" करत निघून गेली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला चिमणीचे कान मागच्या चाकाकडे होते.

अकरा चौतीसला गाडी दवाखान्याच्या दारात पोहोचली. तिनं बाबांना चाकाच्या खुर्चीत बसवून जवळजवळ ढकलतच आत नेलं. नर्सनं घड्याळाकडे पाहिलं, मग चिमणीच्या काळ्याकुट्ट हातांकडे आणि नडगीवरून ओघळलेल्या रक्ताकडे. "चार तास नाही मिळायचे," ती म्हणाली. "तीन देते. उरलेला तास उद्या सकाळी."

मशीन सुरू झालं. तासाभरानं बाबांची धाप कमी झाली. नर्सनं पलंगाची पाठ थोडी खाली केली, आणखी थोडी केली, तरी त्यांना ठसका आला नाही. दोन दिवसांत पहिल्यांदा ते आडवे झोपले. चिमणी शेजारच्या स्टुलावर बसून त्यांची छाती वरखाली होताना बघत राहिली. हात धुवायचे राहिलेत, हे तिच्या ध्यानातही नव्हतं.