बारा एस्पोसास

विद्यापीठात तिला दोन नावं होती. इतिहासाच्या इमारतीत तिला ‘स्पॅनिशवाली’ म्हणत आणि रस्ता ओलांडून स्पॅनिशच्या इमारतीत गेलं की ‘इतिहासवाली’. दोन्ही विषय मिळून पदवी एकच होती, पण वेळापत्रक करणाऱ्या दोन्हीकडच्या कारकुनांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नसावं. दर मंगळवारी दहा वाजता दोन्हीकडे तास असायचा. पहिल्या वर्षी ती दोन्ही कार्यालयांत जाऊन भांडली. इकडे म्हणाले, “तिकडे विचारा.” तिकडे म्हणाले, “हा आमचा प्रश्न नाही.” शेवटी ती एक मंगळवार इकडे, एक तिकडे बसायला लागली आणि दोन्हीकडे तिची गैरहजेरी लागली.

“दोन डगरींवर पाय ठेवलास की असंच होणार,” आई म्हणायची. आईचं बसस्थानकामागे कपडे अल्टर करायचं दुकान होतं. दिवसभर पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, लोकांच्या वाढत्या पोटांना कमरेत जागा करून द्यायची. “एकच काहीतरी धरलं असतंस तर?”

“तर निम्मंच कळलं असतं.”

हे ती नुसतं आईचं तोंड बंद करायला म्हणत नव्हती. जुन्या माणसांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं कुणाच्या मध्यस्थीशिवाय वाचावं, एवढ्यासाठी तिने हा उद्योग मांडला होता.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी इतिहासाच्या सरांनी तिला बोलावून घेतलं. सरांची समुद्री व्यापारावर चार पुस्तकं होती, भिंतीवर मानपत्रं होती, पण स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता. ग्रंथालयाच्या तळघरात, दफ्तरखान्यात, एका बंद पडलेल्या जहाज कंपनीच्या सात पेट्या पडून होत्या. आतली सगळी पत्रं स्पॅनिशमध्ये.

“सुट्टीत जरा भाषांतर करून बघ,” सर म्हणाले. “तुझा सराव होईल. आणि असं काम प्रत्येकाला देत नाही मी.”

ती हरभऱ्याच्या झाडावर चढली. अख्खी सुट्टी तळघरात गेली. तिथे शाई नेता येत नसे, फक्त पेन्सिल. दफ्तरखाना सांभाळणाऱ्या मावशी स्वभावाने कडक होत्या. आत शिरणाऱ्याने नोंदवहीत नाव, वेळ आणि पेटीचा नंबर लिहिल्याशिवाय त्या गाठोड्याची दोरी सोडू देत नसत. पण पोरीचे डोळे दुखायला लागलेले पाहून चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःचं भिंग तिच्यापुढे ठेवलं. “पडलं तर मला तोंड दाखवू नकोस,” एवढंच बोलल्या.

पाच पेट्या झाल्या. दोनशेवर पत्रं. घरी येऊन ती भाषांतर टाइप करायची आणि आठवड्याला सरांना पाठवायची. त्यात एका कप्तानाचं पत्र होतं. एका बेटावरच्या मळ्यांसाठी तो मजूर घेऊन निघाला होता. त्याने मालकांना लिहिलं होतं: ‘चाळीस माणसं, बारा एस्पोसास आणि दोन महिन्यांचं धान्य-पाणी घेऊन निघालो.’ एस्पोसा म्हणजे बायको. पहिल्या महिन्यात शिकवतात हा शब्द. तिने लिहिलं, ‘बारा बायका’, आणि पुढचं पत्र घेतलं.

तीन आठवड्यांनी पाचव्या पेटीत बंदरावरच्या लोहाराचं पत्र निघालं. वाकडंतिकडं अक्षर, शुद्धलेखनाचा आनंदच. ‘परत आलेल्या बारा एस्पोसासपैकी तीन वाकल्या आहेत, दोन गंजल्या आहेत आणि एकीची किल्ली हरवली आहे. पुढच्या फेरीआधी काय करायचं ते कळवा.’

आधी तिला हसूच फुटलं. गंजलेल्या बायका! मग हसू ओठांवरच राहिलं. ती वर गेली, मोठा शब्दकोश काढला. एस्पोसास. दुसरा अर्थ: हातकड्या.

ती खाली येऊन कप्तानाचं पत्र पुन्हा वाचत बसली. तीच ओळ, तीच शाई. पण आता त्या जहाजावर एकही बाई नव्हती. चाळीस माणसं होती आणि लोखंड होतं.

त्याच दिवशी तिने सरांना कळवलं: माझी चूक झाली, अमुक पत्रात बायका नाहीत, हातकड्या आहेत, लोहाराच्या पत्राची नक्कल सोबत जोडलीय. उत्तर आलं नाही म्हणून आठवड्याने प्रत्यक्ष गेली. सर फोनवर होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, “हो हो, पाहिलं मी. बघू.”

पुढच्या वर्षी सरांचं पाचवं पुस्तक आलं. जिन्यात जाहिरात लागली, सरांचं जाहीर व्याख्यान ठरलं. ग्रंथालयात नव्या पुस्तकांच्या फळीवर ते चकचकीत वेष्टन दिसलं तेव्हा तिने तिथेच उभ्या उभ्या ते उघडलं. सहावं प्रकरण: ‘बारा बायकांची सफर’. चौतीस पानं. मजूर आपल्या मर्जीने, बायका बरोबर घेऊन, नवा संसार थाटायला निघाले होते. त्यांच्यावर जबरदस्ती झाल्याच्या कहाण्या मागाहून रचल्या गेल्या. पुरावा म्हणून कप्तानाचं पत्र. वाक्य तिचं होतं. शब्द न शब्द तिचा, ते ‘धान्य-पाणी’सुद्धा. पुढे सरांनी कल्पनेचे घोडे सोडले होते. बायका डेकवर स्वयंपाक करत असतील, मुलांना अंगाई म्हणत असतील.

तिने आभाराचं पान काढलं. सरांच्या पत्नीचे आभार होते. प्रकाशकाचे होते. लिहिताना टेबलावर बसून सोबत करणाऱ्या मांजराचेही होते. हिचं नाव नव्हतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुस्तक तिने इतक्या जोरात मिटलं की समोरच्या टेबलावरचा मुलगा दचकला. पहिला राग नावाचा होता, खोटं कशाला बोला. माझी सुट्टी, माझे डोळे, आणि आभार मांजराचे! पण जिना उतरता उतरता तो राग मागे पडला आणि दुसराच वर आला. चाळीस जणांच्या हातातलं लोखंड या माणसाने काढून घेतलं होतं आणि त्या जागी संसार मांडला होता. आणि ते करायला लागणारा शब्द तिने स्वतःच्या हाताने त्याला दिला होता.

ती तडक सरांच्या खोलीत गेली. सरांनी बस म्हणायची वाट पाहिली नाही.

“सर, मी तुम्हाला कळवलं होतं. त्या हातकड्या आहेत.”

सरांनी चष्मा काढला. “हे बघ, एका शब्दाने माझा सिद्धान्त पडत नाही.”

“पूर्ण प्रकरण त्या एका शब्दावर उभं आहे.”

“आणि समज चूक असलीच, तर ती कुणाची? भाषांतर तू केलंस.”

“मग माझं नाव कुठाय?”

सर हसले. समजूतदार हसू. त्या हसण्यानेच तिचं डोकं अधिक फिरलं. “अगं, भाषांतर ही हमाली असते. घर बांधलं की विटा वाहणाऱ्यांची नावं दारावर लावतात का? तू हुशार आहेस. यंदा तुझा प्रबंध माझ्याकडेच आहे ना? त्यात लक्ष घाल.”

शेवटचं वाक्य त्यांनी अगदी मऊ आवाजात म्हटलं. त्यातला दम तिला बरोबर पोचला.

रस्ता ओलांडून ती स्पॅनिशच्या बाईंकडे गेली. बाई निवृत्तीला आलेल्या, जिभेला धार, एकोणीस वर्षं त्याच खोलीत. तिने एका दमात सगळं सांगितलं. आता जाऊन भर व्याख्यानात त्यांचं पुस्तक फाडते म्हणाली.

“फाड की,” बाई म्हणाल्या. “पोरगी पिसाळली म्हणतील आणि चहा प्यायला जातील. तुला फक्त मोकळं व्हायचंय की त्यांना उत्तर द्यायला लावायचंय?”

“उत्तर द्यायला लावायचंय.”

“मग उभी राहिलीस की पहिलं वाक्य तुझ्या चुकीचं बोल. ‘ही चूक माझी आहे.’ त्यांना ते वाक्य बोलता येणार नाही. अशी चूक करायला आधी भाषा यावी लागते.”

“ते प्रबंधात मला नापास करतील.”

“करू शकतात,” बाई म्हणाल्या. खोटा धीर त्यांनी दिला नाही.

व्याख्यानाला सभागृह भरलं होतं. सर छान बोलले. बारा बायकांवर तर असे बोलले की पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी डोळे पुसले. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा तिचा हात आधीच वर होता. माईक हातात आला.

“यातली चूक माझी आहे,” ती म्हणाली. “पान एकशे बारावरचं पत्र मी भाषांतरित केलं. एस्पोसास या शब्दाचा मी बायका असा अर्थ लावला. त्याचा दुसरा अर्थ हातकड्या. तिथे तोच आहे.”

मधल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “काय फरक पडतो? बायको काय, हातकडी काय!” सभागृहात हशा पिकला. सरही हसले. सुटका झाल्यासारखे हसले.

तिने हशा ओसरू दिला नाही.

“हसा,” ती ओरडली. आवाज फाटला, तरी थांबली नाही. “त्या चाळीस जणांची मनगटं आवळली होती त्यांत. लोहाराने लिहिलंय, तीन वाकल्या. लोखंड वाकलंय! काय केलं असेल एखाद्याने ते वाकायला? आणि यांनी लिहिलंय, अंगाई म्हणत होत्या.” तिने वहीत उतरवून घेतलेलं लोहाराचं पत्र आधी स्पॅनिशमध्ये वाचलं, मग अर्थ सांगितला. किल्ली हरवल्याच्या ओळीला कुणी हसलं नाही.

सर उठून उभे राहिले. चेहरा लाल झाला होता. “विद्यार्थ्यांच्या कामावर मी विश्वास ठेवला, ही माझी चूक. कसलं पत्र, कुठलं पत्र, मला माहीत नाही.”

“म्हणजे काम माझं होतं,” ती म्हणाली.

तेवढ्यात शेवटच्या रांगेत दफ्तरखान्याच्या मावशी उभ्या राहिल्या. त्यांना माईक लागला नाही. “पत्र पाचव्या पेटीत आहे. कुणीही येऊन बघावं. सरांना माहीत नसणारच. माझ्या नोंदवहीत त्यांचं नाव एकदाही नाही. पुस्तकाच्या आधी नाही, नंतर नाही.”

आता मात्र सभागृहात कुजबुज उठली ती थांबेना. अध्यक्षांनी घाईघाईने आभार मानले आणि सरांनी भाषणाचे कागद गोळा केले. दोन पानं खाली पडली, ती तशीच सोडून ते मागच्या दाराने गेले.

यानंतर काही आभाळ कोसळलं नाही. चौकशी समिती बसली आणि बसूनच राहिली. सरांची खोली तीच, खुर्ची तीच. तिने अर्ज केल्यावर प्रबंध बाईंकडे दिला गेला. विषय तिने बदलून घेतला होता, आता तो त्या जहाजावरच होता. स्पॅनिशकडून त्याला भरघोस गुण मिळाले, इतिहासाकडून काठावरचे. दोन्हींची सरासरी काढून तिला मधला वर्ग देण्यात आला. दुरुस्तीचं टिपण मात्र एका नियतकालिकाने छापलं, तिच्या नावाने.

आणि प्रकाशकाने पुस्तकात एक चिठ्ठी घातली. बोटभर रुंद. ‘पान ११२ वर बायका या शब्दाऐवजी हातकड्या असे वाचावे.’ बस्स. बाकी सगळं प्रकरण जसंच्या तसं.

ती चिठ्ठी घेऊन ती आईच्या दुकानात आली आणि मशीनवर आपटली. “म्हणजे आता हातकड्या स्वयंपाक करणार! हातकड्या अंगाई म्हणणार! लाज वाटत नाही यांना? एक शब्द बदलून मोकळे झाले!”

आईने दातांतला दोरा तोडला, चिठ्ठी वाचली, परत वाचली. तिला वाटलं, आता म्हणेल, जाऊ दे, गिळ राग. आईने तसं काही म्हटलं नाही. ती मनात काहीतरी मोजत होती, कापड बेतताना मोजायची तशी.

“माणसं चाळीस म्हणालीस ना?”

“हो.”

“आणि हातकड्या बारा. एकीत दोघांना अडकवलं तरी चोवीसच होतात.” आईने वर पाहिलं. “उरलेले सोळा?”

इतके महिने ती त्या एका शब्दासाठी सगळ्या जगाशी भांडली होती, आणि हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. दोरखंड होते? की उरलेली सोळा मुलं होती, आणि बाप बांधला की पोरगं आपोआप बांधलं जात होतं? तिला पुन्हा राग आला, यावेळी स्वतःचा.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “अजून दोन पेट्या वाचायच्या राहिल्यात.”

“मग इथे माझ्या मशीनवर काय आपटतेस?”

दुसऱ्या दिवशी सकाळी दफ्तरखाना उघडायच्या आधीच ती तळघराच्या पायरीवर बसली होती. मावशींनी कुलूप काढलं, काही न विचारता नोंदवही पुढे सरकवली. तिने नाव लिहिलं, वेळ लिहिली, आणि पेटीच्या रकान्यात सहाचा आकडा घातला.