सत्यभामाची अर्धी गोळी

माझी बायको सत्यभामा हट्टी आहे, हे मी लग्नानंतर दोनच दिवसांत ओळखलं होतं. पण तिचं बीपी तिच्याहून हट्टी निघेल, असं काही वाटलं नव्हतं. रोज सकाळी गोळी, भाजीत मीठ कमी, लोणच्याची बरणी मी स्वतः वरच्या फळीवर नेऊन ठेवलेली, तरी ते आपलं चढतंच. आमची सून दीपमाला इथल्याच, बीरगांवच्या सरकारी आरोग्य केंद्रात नर्स आहे. तिनं मोठ्या डॉक्टरांना व्हिडिओवर विचारलं, तेव्हा ते म्हणाले, पुढच्या तपासणीत असंच दिसलं तर डोस वाढवू. सिलतऱ्याच्या कारखान्यात माझ्या शेजारी काम करणारा धडधाकट माणूस अशाच चढलेल्या बीपीनं एका बाजूनं लुळा पडला होता. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

सत्यभामाला मात्र काळजी वेगळीच. "घरात दवाखाना हाये, अन् पाऱ्यातल्या, आपल्या मोहल्ल्यातल्या बायकांना मी एक गोळी देऊ शकत नाही! काय इज्जत राहिली माझी?"

दीपमाला शांतपणे सांगायची, "आई, मी डॉक्टर नाही. काही औषधं मी तपासून स्वतः देऊ शकते. बीपीची गोळी सुरू करायची, बदलायची, तर डॉक्टरच्या पर्चीशिवाय नाही. अन् घरून तर कोणतीच नाही. नौकरी जाईल माझी."

"हव, हव. मोठी आली कायदा सांगणारी," असं म्हणून सत्यभामा भांडी आपटायची. मग दिवसभर भांड्यांचा आवाज आणि आमची दोघांची वाचा बंद.

आमच्या भिंतीला भिंत लागून मीराबाईचं घर. दोघी विहारात एकाच सतरंजीवर बसणार, बाजारात एकाच पिशवीत भाजी घेणार. एकीकडे वांग्याला फोडणी पडली की वाटी भिंतीवरून दुसरीकडे जाते, आणि वाटी रिकामी परत करणं दोघींनाही कमीपणाचं वाटतं. मला या मैत्रीचं कौतुक होतं. वांग्यांचंही होतं.

तपासणीच्या दिवशी मी सत्यभामाला केंद्रावर घेऊन गेलो. मीराबाईही सोबत निघाल्या, कारण त्यांना हल्ली फार चक्कर येत होती. दीपमालानं सासूच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. पुन्हा पाहिला. तेवढाच. मग ती मुकाट्यानं डॉक्टरांना व्हिडिओ लावायला लागली.

नेट लागेना. तेवढ्यात मीराबाई पुढे सरकल्या. "दीपमाला, तोवर मले ते छोटी पांढरी गोळी दे. बीपीची."

"मावशी, तुम्हाला ती कोणी लिहून दिली?"

"लिहून कायले पाहिजे? चक्कर येते म्हटलं ना!"

"तपासल्याशिवाय नाही देता येत. अन् ती तर डॉक्टरच—"

"काहून नाही?" मीराबाईंचा पारा चढला. "तुझी सासू तर बिना पर्चीची देते! आपल्या तोंडची देते! अन् तू सरकारी माणूस, भाव खाऊन राहिली!"

बाकावरच्या सगळ्या बायका इकडे वळल्या. सत्यभामा भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचायला लागली. तिचा चष्मा घरी होता.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मीराबाईंना चक्कर आली, तेव्हा सत्यभामानं ठरवलं की हे बीपीच. तिला स्वतःला चक्कर आली तेव्हा डॉक्टरांनी हीच गोळी दिली होती ना! मग भाजीच्या वाटीसोबत तिच्या स्वतःच्या गोळीतली अर्धी भिंतीवरून जायला लागली. चक्कर वाढली, म्हणून कधीकधी अर्धीची पूर्ण झाली. आणि शेजारी मैत्रीण आजारी असताना आपण पूर्ण गोळी खायची, हे सत्यभामाच्या मनाला पटेना.

दीपमालानं मीराबाईंचं बीपी पाहिलं. इतकं खाली, की तिनं त्यांना तिथंच आडवं केलं आणि पाय उंच ठेवले. तेवढ्यात पडद्यावर डॉक्टर आले. "हां सिस्टर, डोज़ बढ़ाना है?"

"नहीं सर," दीपमाला म्हणाली, "पहले पूरी गोली तो खा लें."

डॉक्टर खो-खो हसले, मग सगळं ऐकून गंभीर झाले आणि मीराबाईंना ती गोळी साफ बंद करायला सांगितली. रक्त तपासलं तर ते कमी निघालं. लोहाच्या गोळ्या देणं मात्र दीपमालाच्या हातात होतं. त्या तिनं तिथल्या तिथे दिल्या, कशा घ्यायच्या ते मीराबाईंकडून वदवून घेतलं.

संध्याकाळी सत्यभामा तोंड फिरवून बसली होती. दीपमाला घरी आली, पर्ससकट तिच्याजवळ जमिनीवरच बसली. आता झापते, असं मला वाटलं. पण तिचे डोळे भरले होते.

"आई, नेट लगेच लागलं असतं ना, तर आज डोस वाढला असता. मग कधी मावशी गावाला गेल्या असत्या, वाटून घ्यायला कोणी नसतं, अन् तुम्ही ती मोठी गोळी पूर्ण घ्यायला लागल्या असत्या, तर बीपी एकदम उतरून कुठंतरी पडल्या असत्या. अन् ती गोळी मीच दिली असती. माझ्या या हातानं."

सत्यभामानं सुनेचा तोच हात धरला. "मले वाटे, तू मले परकी समजते, म्हणून नियम सांगते."

"परकी असत्या तर रडली असती का मी?"

सत्यभामानं पदरानं आधी तिचे डोळे पुसले, मग स्वतःचे. आणि वळली ती थेट माझ्यावर. "अन् तुम्ही काय पाहून राहिले? बायको गोळी अर्धी खाते का पूर्ण, येवढं ध्यान नाही राहत तुमच्यानं? नुसते लोणच्यावर पहारा करून राहिले!"

ती बोलतच राहिली. ती समोर धडधाकट बसून माझा उद्धार करत होती, आणि मला इतकं बरं वाटलं की मी मध्ये एक शब्द बोललो नाही.