रडकी पट्टी

कानवाल्यांच्या लेकीने त्या रविवारी सकाळी जे काम केलं, त्याबद्दल दुसऱ्या कुठल्याही सभागृहात तिची पाठ थोपटली गेली असती. इथे दुपारी दोन वाजता तिच्यावर तोंड लपवायची पाळी आली.

कानवाले म्हणजे तिचे वडील. पियानो सुरात लावणं हा त्यांचा धंदा. चाळीस वर्षं शहरभर हिंडून त्यांनी शाळांचे, हॉटेलांचे, हौशी लोकांचे पियानो जुळवले. खरं नाव कुठल्यातरी दाखल्यावर असेल, बाकी सगळ्यांसाठी ते कानवालेच. आणि नेमका अशा माणसाचा कान गेला! दोन वर्षांपासून तो उतरत चालला होता, आणि आता तर दाराची घंटाही ऐकू येईना. लेक त्यांच्याच हाताखाली शिकलेली, तिने एकेक काम आपल्याकडे घेतलं. ते फक्त या एका सभागृहाचं काम सोडायला तयार नव्हते. "तिथलं मी बघतो," म्हणायचे आणि विषय बदलायचे. शेवटी मागच्या आठवड्यात त्यांनी हत्यारांची पिशवी तिच्या हातात दिली. "जा तू," एवढंच म्हणाले.

तर सकाळी तिने तो पियानो उघडला. जुना, उभा, वर कपांचे गोल डाग पडलेला. सगळा कसा सुरात. फक्त मधली एक पट्टी सोडून. आता पियानोच्या मधल्या प्रत्येक पट्टीला तीन तारा असतात. तिन्ही एका सुरात लावल्या की एकच स्वच्छ आवाज येतो. इथे दोन तारा नीट होत्या आणि तिसरी जराशी उतरलेली. त्यामुळे पट्टी दाबली की सूर हेलकावे खायचा, घसा दाटलेल्या माणसाच्या बोलण्यासारखा.

लेक खुर्चीवर मटकन बसली. म्हणजे बाबांचा कान आपल्याला वाटलं त्याच्याही कितीतरी आधी गेला होता. इतकी ढळढळीत चूक त्यांना ऐकू आली नाही, आणि इथल्या लोकांनीही भिडेपोटी त्यांना कधी सांगितलं नाही. तिला भडभडून आलं. तिने डोळे पुसले, खुंटीला किल्ली लावली आणि तिसरी तार अलगद वर आणली. बाबांना यातलं अवाक्षर सांगायचं नाही, असंही ठरवून टाकलं. काम चोख झालं. पट्टी अगदी शहाण्यासारखी वाजायला लागली.

दोन वाजता आत्या आली.

आत्या ब्लूज गाते. वय एकाहत्तर. तिकीट विकणाऱ्यापासून मोठमोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणतात. घशाच्या ऑपरेशननंतर ती वर्षभर घरात बसून होती, आणि आज चार वाजता तिचा पहिला कार्यक्रम होता. लोक येणार होते ते एका गाण्यासाठी, 'दोरीवरचा शर्ट'. नवरा घर सोडून गेला आणि त्याचा शर्ट वाळत घातलेला तसाच राहिला, एवढीच त्यातली गोष्ट. ब्लूजची रीत अशी की पहिली ओळ दोनदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीने तिला उत्तर द्यायचं. तिसरी ओळ संपली की आत्या थांबते, बाकीचे वादक थांबतात आणि ती पियानोची एकच पट्टी दाबते. एकच. लोक त्या पट्टीला 'रडकी' म्हणतात आणि तिच्यासाठी लांबलांबून येतात.

आत्याने रंगीत तालमीसाठी ती पट्टी दाबली. थांबली. पुन्हा दाबली.

"रडकी कुठे गेली?" तिने विचारलं.

लेक पडद्याआडून पुढे आली. तार उतरली होती, आपण नीट केली, असं तिने सांगितलं, आणि तेही वर मान करून. ड्रमवाल्याने हातातल्या काठ्या खाली ठेवल्या. सभागृहाच्या मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. आत्या ओरडली असती तर परवडलं असतं, पण ती ओरडली नाही.

"पोरी, ती उतरली नव्हती," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनी उतरवली होती."

मग सगळं बाहेर आलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी भर कार्यक्रमात ती तार आपोआप सरकली होती आणि लोक वेडे झाले होते. दुसऱ्या दिवशी कानवाले दुरुस्तीला आले तेव्हा आत्याने त्यांचा हात धरला. आठवडाभर ते ऐकेनात. चुकीचं काम माझ्या हातून होणार नाही, म्हणाले. शेवटी पाघळले. तेव्हापासून दर महिन्याला येऊन ते अख्खा पियानो सुरात लावायचे आणि ती एक तार मोजूनमापून बिघडवून जायचे. आजूबाजूच्या पियानोवाल्यांना कळलं असतं तर त्यांनी कानवाल्यांना वेड्यात काढलं असतं.

तार उतरवायला काय, मनगट जरासं वळवलं की झालं. पण किती वळवायचं? केसभर कमी पडलं तर काही कळणार नाही, केसभर जास्त झालं तर पियानो दारू प्यायल्यासारखा वाजेल. गाण्याची जुनी रेकॉर्ड होती, पण तार सरकायच्या आधीची, म्हणजे तिचाही उपयोग नव्हता. कार्यक्रमात आत्या फोन दारातच ठेवायला लावायची, त्यामुळे कोणाकडे चोरून केलेलंही काही नव्हतं. लेकीने अंदाजाने तार उतरवली. आत्याने मान हलवली. "ही रडत नाही, भांडतेय." तिने थोडी वर घेतली. "आता शिंकतेय." मग आत्याने घशाला हात लावला, डॉक्टरांनी कार्यक्रमाआधी गप्प बसायला सांगितलंय म्हणाली, आणि आपल्या खोलीत निघून गेली. किती उतरवायची हे तिलाही सांगता येत नव्हतं. ती गाते, मोजत नाही.

लेकीने किल्ली पिशवीत टाकली. वर्षभर वाट पाहून लोक येणार आणि त्यांच्या गाण्याचा जीवच आपण काढून घेतलाय! काम जाईल, नाव जाईल, ते राहू दे बाजूला. पण बाबांनी अठ्ठावीस वर्षं जपलेली गोष्ट तिने एका सकाळीत पुसून टाकली होती.

ती घराकडे पळत सुटली. घर दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. बाबा इस्त्रीची वायर खोलून बसले होते. त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ती ओरडली, "बाबा, मी रडकी सुधारली!" शेजारच्या बाईंनी खिडकीतून डोकावलं. बाबा खोकला येईपर्यंत हसले.

"हसताय काय?" ती तशीच कानाशी ओरडत म्हणाली. "मला वाटलं तुमचा कान कधीचाच गेला होता. मला रडू आलं तिथे बसून."

"आणि मला सांगायची लाज वाटली," बाबा म्हणाले. "जन्मभर लोकांच्या तारा सरळ केल्या आणि एक मुद्दाम वाकडी ठेवली. हे पोरीला कोणत्या तोंडाने शिकवणार? म्हटलं, तुझी तू ऐकशील आणि तशीच सोडून देशील."

"किती हेलकावे असायचे, बाबा? आकडा सांगा."

आकडा त्यांच्याकडेही नव्हता. कानाला बरं वाटलं की किल्ली काढायची, एवढंच त्यांना ठाऊक. आता तो कानच राहिला नव्हता. त्यांनी इस्त्री बाजूला सारली. मग उठून बूट घालायला लागले.

"माझ्या कानात नाही आता ती रडकी," ते म्हणाले. "सभागृहाबाहेर रांग लागली असेल, त्या लोकांना विचार. त्यांच्याकडे असेल."

पावणेतीनला सभागृहाबाहेर दीडशे माणसं उभी होती. रांगेत सगळ्यांच्या पुढे एक निवृत्त कंडक्टरबाई. बावीस वर्षांत एकही कार्यक्रम त्यांनी चुकवलेला नव्हता आणि हे त्या न विचारता सांगायच्या. त्यांच्यामागे एक दातांचे डॉक्टर. लेकीने खाली मान घालून काय घडलं ते सांगितलं. रांगेत एकदम कुजबुज उठली, कोणीतरी "अरे देवा" म्हटलं, आणि कंडक्टरबाईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की बिनतिकिटाचा माणूस तिथल्या तिथे बसमधून उतरला असता.

"म्हणून दाखवता का?" लेक काकुळतीला आली. "जशी तुमच्या कानात आहे तशी."

बाईंनी पर्स काखेत दाबली, डोळे मिटले आणि ओठ मिटून सूर धरला. तो सूर थरथरत होता. लेकीने मनगटावरच्या घड्याळाकडे बघत हेलकावे मोजले. दोन सेकंदांत सात. डॉक्टरांनी लगेच तोंड वाकडं केलं, रडकीला एवढी घाई नसते म्हणाले आणि स्वतः गुणगुणले. सात. आपलं वेगळं आहे असं ते ठासून सांगत राहिले, कंडक्टरबाई त्यांना कान तपासून घ्यायला सांगत राहिल्या, आणि घड्याळ दोघांना एकच आकडा देत राहिलं. एका शिंप्याचे आठ भरले. पण त्याने स्वतःच "थांबा, चुकलं," म्हणून पुन्हा सूर लावला आणि सातवर आला.

रांगेत मागे एक पोस्टमन होता. तो पहिल्यांदाच आला होता. त्याला विचारण्यात अर्थ नाही म्हणून लेक पुढे निघाली, तर त्यानेच तिला थांबवलं. त्याची आई यायची म्हणे दर महिन्याला, आणि नंतर आठवडाभर भांडी घासताना तेच गुणगुणायची. ती गेली, म्हणून तिच्या जागी तो आला होता. त्याने भीत भीत सूर लावला. सात. लेकीला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

ती आत धावली. दोन ताराही जुन्या जागीच आहेत ना, ते आधी पाहिलं. मग दोन तारांच्या मध्ये आवाज दाबणारी पाचर लावून एक एक तार ऐकली, तिसरी उतरवली, घड्याळ पाहिलं. सहा. पुन्हा. साडेसात. पुन्हा. सात. उतरवलेली तार मोठी हट्टी असते, गुपचूप वर सरकते, म्हणून ती जागेवर बसेपर्यंत तिने पट्टी पन्नास वेळा जोरात बडवली. सातच. साडेतीनला मॅनेजरने दारं उघडली आणि तिला पियानोपासून जवळजवळ ओढूनच नेलं.

पुढचा दीड तास तिच्या शत्रूवरही येऊ नये. आत्या बाकीची गाणी गिटारवर गाते, पियानोला हात लावते ती शेवटच्या गाण्याला. म्हणजे मधल्या वेळात तार सरकली का, हे कळायला काही मार्गच नव्हता. लेक रंगमंचाच्या कडेला, पडद्याच्या आडोशाला अंधारात उभी होती. बाबा शेजारी स्टुलावर बसले होते, रंगमंचाकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून. काय बघताहेत कोण जाणे. ऐकू तर काही येत नव्हतं. आत्याचा आवाज ऑपरेशननंतर खरखरीत झाला होता, पण पहिल्याच गाण्याला लोकांनी तो आपला मानला. लेकीला मात्र एकही गाणं धड ऐकू आलं नाही.

शेवटी आत्याने गिटार खाली ठेवली. सभागृहात खोकलासुद्धा बंद झाला. ती पियानोपाशी जाऊन बसली.

पहिली ओळ झाली. तीच पुन्हा झाली. तिसरी सुरू झाली, आणि जिचं पोट कानावर चालतं त्या लेकीने काय करावं? दोन्ही कानांत बोटं घातली. घट्ट. डोळेही मिटले. लहानपणी फटाक्याची वात पेटवल्यावर उभं राहावं तशी ती उभी राहिली.

कोणीतरी तिचं मनगट धरून ओढलं. बाबा होते.

"काढ बोटं," ते म्हणाले. "रडकी लागलीय."

त्यांना वाटलं आपण हळू बोलतोय. तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. पण कोणी वळून पाहिलं नाही. तुम्हाला कसं कळलं, असं तिने हातानेच विचारलं, तेव्हा त्यांनी हनुवटीने सभागृहाकडे दाखवलं. कंडक्टरबाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले होते, आणि ज्या डॉक्टरांशी तासभर भांडल्या त्यांच्या मांडीवर बाईंची पर्स होती. शिंपी डोळे मिटून मान हलवत होता. मागे भिंतीशी तो पोस्टमन उभा होता, आणि त्याचा चेहरा इतका निवांत झाला होता की लेकीचा जीव तिथेच भांड्यात पडला. बाबा आधीपासून हेच बघत बसले होते.

आत्याने दुसरं कडवं घेतलं. ओळ दोनदा झाली, उत्तराची ओळ झाली, सगळी वाद्यं थांबली. लेकीने हात खाली सोडले. तिला सात मोजायचे होते, पण रडकी वाजली आणि ती मोजायचं विसरली. तिने बाबांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि बाकीचं गाणं इतर लोकांसारखंच ऐकलं.