मोगऱ्याला नको ते पाणी

मला बघून लोक पहिलं वाक्य काय बोलतात, सांगू? "अगं बाई, ही अजून चालते?" चालते म्हणजे काय, पळते! मित्रांनो, मी एक जुनी चंदेरी मोटार आहे, फोर्ड आयकॉन. वय वर्षं वीस. माणसांत वीस म्हणजे कॉलेजात मिरवायचं वय, आणि मोटारींत वीस म्हणजे भंगारवाल्याने दारावरून जाताना मान वळवून बघायचं वय. मुक्काम होळी गाव, वसई. केळीच्या बागेला लागून पत्र्याची शेड आहे, तिच्यात मी राहते. शेजारी एक शेळी असते. तिचं आणि माझं पटत नाही, पण ते असो.

माझं खानदान मात्र मोठं, बरं का! आमचं मूळ गाव अमेरिकेतलं डेट्रॉइट. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी तिथे आमची पणजी जन्मली, मॉडेल टी. तोवर मोटार म्हणजे श्रीमंतांचं खूळ. कारागीर एकेक गाडी सवडीने जुळवत बसायचे. आमच्या कंपनीने उलटंच केलं. माणसं जागच्या जागी उभी आणि गाडीच त्यांच्यापुढून सरकत जाणार, प्रत्येकाने आपल्या वाटचा एकेक भाग बसवायचा. म्हणजे वाढपी जागेवर आणि पंगत सरकतेय, असा प्रकार! त्यामुळे गाड्या भराभर तयार झाल्या, स्वस्त झाल्या, आणि तिकडच्या शेतकऱ्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. ते शेतकरी तरी काय कमी वस्ताद? पणजीचं मागचं चाक उचलायचे, त्याला पट्टा लावायचे आणि तिच्या जोरावर लाकडं कापायचे. पणजीने कधी तक्रार केली नाही. आमच्या घराण्यात कामाची लाज कुणालाच नाही.

आमची माणसं इंग्रजांच्या काळात एकदा मुंबईला येऊन गेली होती. नव्वदच्या दशकात ती पुन्हा आली आणि चेन्नईजवळ कारखाना काढला. दोन हजार सहा साली मी तिथून बाहेर पडले आणि वसईला आले.

माझे पहिले मालक दिनानाथ, बँकेतले अधिकारी. एव्हरशाईन सिटीत त्यांचा फ्लॅट. नारळ फोडून, हार घालून, पेढे वाटून त्यांनी माझं स्वागत केलं आणि नंतर मला जपायला लागले. इतकं जपायला लागले, की सीटवरचं प्लास्टिक दोन वर्षं काढलंच नाही! रविवारी विरारला जीवदानी देवीच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत जायचं आणि यायचं, की झालं. बाकी सहा दिवस माझ्या अंगावर कव्हर. पुढे त्यांचे डोळे कमजोर झाले आणि रविवारही गेला. कव्हराखाली मी दोन वर्षं नुसती उभी. बॉनेटवर कबुतराने संसार थाटला, उंदराने हॉर्नची वायर खाल्ली. कुणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही, पण त्या दोन वर्षांइतकं वाईट मला कधी वाटलं नाही.

दिनानाथांकडे केळी घेऊन येणारे एक शेतकरी होते, होळीचे धर्माकाका. एकदा त्यांनी कव्हराचं टोक उचलून बघितलं आणि जिभेने च्यक केलं. "दिनानाथशेठ, अशी लक्षुमी कोपऱ्यात उभी करून ठेवतात काय?" दिनानाथ म्हणाले, "मग तुम्ही न्या. पण रोज काम द्या हो हिला." व्यवहार तिथेच ठरला, आणि मी रेल्वेचा पूल ओलांडून वसई पूर्वेची पश्चिमेला आले.

काय सांगू मित्रांनो, माझं नशीबच उघडलं! काकांची वाडी म्हणजे केळी, माठ, मेथी, वांगी, मुळा, आणि कडेने मोगऱ्याची रांग. काका रोज पहाटे उठायचे, देवाला हात जोडायचे आणि विहिरीवरचा पंप सुरू करून मला आंघोळ घालायचे. वरून, बाजूने, नळी खाली घालून पोटाला, चाकांना. ते स्वतः माझ्यानंतर न्हायचे. कमळीमावशी, म्हणजे त्यांची बायको, ओट्यावरून ओरडायची, "अवो, मला लग्नात हळद लागली तवा पन एवढं पानी नव्हतं घातलं कोनी!" मी फुगून टम्म. सगळ्या वसईत माझ्यासारखी लाडकी गाडी नव्हती.

पुढे काकांचे गुडघे दुखायला लागले. क्लच दाबला की "आई गं!" तेव्हा वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मावशी गाडी शिकली. शिकवणारा तिचाच मुलगा अल्पेश, मुंबईत नोकरी करणारा, आणि राहणारा पुन्हा त्याच एव्हरशाईन सिटीत. पहिल्याच दिवशी मावशीने गोठ्याचा खांब पाडला. शेळी माझ्यावर रागावली ती तेव्हापासून. अल्पेश डोकं धरून बसला, पण मावशी म्हणाली, "खांब मधी उभा व्हता, मी काय करू?" महिनाभरात ती पुलावरून ट्रकांच्या मधून मला अशी काढायला लागली, की माझाच श्वास अडकायचा.

आणि मग तिने दुकान काढलं. कुठे? माझ्या डिकीत! सकाळी मेथी-माठाच्या जुड्या, वांगी, राजेळी केळी आणि मोगऱ्याचे गजरे भरायचे, एव्हरशाईन सिटीतल्या एका सोसायटीच्या गेटशी मला उभं करायचं आणि डिकी उघडायची. दहा मिनिटांत पाच बायका गोळा. "कमळीमावशी, अळू आणलंत?" "मावशी, उद्या केळफूल हं!" पणजीने लाकडं कापली, मी भाजी विकली. मोठ्या तोऱ्यात उभी असायचे मी तिथे.

दोन हजार एकवीस साली मला पंधरा वर्षं झाली. पंधरा झाली की आरटीओत पुन्हा तपासणी, त्याला सगळे पासिंग म्हणतात. मी हसत पास झाले, पुढच्या पाच वर्षांसाठी. त्याच वर्षी बातमी आली, की आमची कंपनी इथे गाड्या बनवणं थांबवणार. अल्पेश म्हणाला, "पप्पा, विकून टाकूया. कंपनीच चालली." काका भडकले. "बाप गेला म्हनून पोर टाकतात काय रे?" सुटे भाग मिळत राहिले आणि मी धावत राहिले.

त्याच सुमाराला वाडीत एक घोर लागला. मोगऱ्याची पानं कडेने करपायला लागली, कळ्या गळायला लागल्या. मावशीने विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन तोंडात धरलं आणि थुंकून टाकलं. "मचूळ झालंय हो. खारं लागतंय." आमच्या भागात कितीतरी विहिरींचं असं झालंय. झाडांसाठी त्यांनी नळाचं पाणी साठवायला सुरुवात केली, भाजीलाही तेच. विहिरीचं पाणी झाडाला घालायचं नाही, असा घरात कायदाच झाला. पण विहीर तर भरलेली! काका म्हणाले, "एवढं पानी वाया कशाला घालवायचं? गाडीला होईल." आणि माझी आंघोळ दुप्पट झाली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, पोटाला तर अगदी चोळून. मी मूर्ख, मी आणखी खूश.

यंदा पाच वर्षांची मुदत संपत आली. पासिंगला पंधरा दिवस होते तेव्हाची गोष्ट. मावशी मला घेऊन पूल उतरत होती. डिकीत लिंबांची टोपली कलंडली होती. मागून एक स्कूटरवाला हॉर्न वाजवतोय, हात करतोय, आणि मावशी काही थांबेना. गेटशी पोचल्यावर त्याने हँडलला अडकवलेलं हेल्मेट काढून त्यातून सात-आठ लिंबं तिच्या ओच्यात ओतली. "मावशी, पुलापासून वेचत आलोय. तुमच्या गाडीला खालून भोक आहे!"

दुसऱ्या दिवशी माझी वरात सातिवलीला. तिथे मर्विनचं गॅरेज आहे, जुन्या फोर्ड गाड्यांचा वैद्यच तो. त्याने मला वर उचललं, खाली शिरला आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या पोटाला नुसता टेकवला. तो आरपार गेला. खर्र करून गंजाचा पापुद्रा खाली पडला. मर्विनने पत्र्यावरची पांढरी पूड बोटावर घेतली, जिभेला लावली आणि तोंड वाकडं केलं.

"अंकल, ही गाडी तुम्ही घरी ठेवता की खाडीत?"

काका छाती पुढे काढून म्हणाले, "अरे, दोनदा धुतो हिला. एक दिवस खाडा नाय!"

"कुठल्या पाण्याने?"

"इहिरीच्या."

मग मावशी हळूच म्हणाली, "अवो, ज्या पान्यानं मोगरा करपला, ते हिच्या अंगावर?"

काकांनी छाती मागे घेतली. उभे होते ते बाकड्यावर बसले.

मर्विनने स्पष्टच सांगितलं. इंजिन ठणठणीत आहे, पण तळाचा पत्रा गेलाय. असं पासिंगला नेलं तर दारातूनच परत पाठवतील. सगळा कुजका पत्रा कापून नवा जोडावा लागेल, काम फार आहे, आणि पंधरा दिवसांत होईलच असं नाही. अल्पेशने फोनवर ऐकलं आणि म्हणाला, "आई, आता भंगारात देऊ. तू पण किती दिवस धावपळ करशील? आराम कर घरी."

मावशी त्याच्यावर ओरडली नाही. नेहमी ओरडते, त्या दिवशी नाही. म्हणाली, "अल्पेश, ही गेली की माझं दुकान गेलं. नि दुकान गेलं की मी परत धर्माची बायको, अल्पेशची आई. तिथं गेटवर मला माझ्या नावानं हाक मारतात रे."

मला रडता येत असतं तर मी तिथेच रडले असते. काका जाताना माझ्याजवळ आले, बॉनेटवर हात ठेवला. "माझंच चुकलं गो. वाटायचं, माया करतोय."

आणि मित्रांनो, दुसऱ्या दिवशी सकाळी सातिवलीत गॅरेजचं शटर उघडायच्या आत दारात कोण बसलेलं? धर्माकाका! हातात तारेचा ब्रश, पिशवीत भाकरी. मर्विन म्हणाला, "अंकल, ही पोरांची कामं आहेत." काका म्हणाले, "गंज मी लावला, मीच काढनार." अडुसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे कुरकुरतायत, आणि स्टुलावर बसून माझं पोट घासतोय. अकरा दिवस! मर्विन कापायचा, जोडायचा, ठिणग्या उडायच्या, आणि काका घासायचे. जोडकाम झाल्यावर त्यावर काळा गंजरोधक रंग काकांनीच लावला, बोटाने कोपऱ्याकोपऱ्यांत सारवल्यासारखा. मला गुदगुल्या व्हायच्या.

इकडे मावशीच्या जागेवर गेटशी एक भाजीचा टेम्पो उभा राहायला लागला. बायकांचे फोन यायचे, "मावशी, टेम्पोवाल्याचा माठ जून असतो हो, कधी येताय?" मावशी म्हणायची, "येते, येते." फोन ठेवला की रिकाम्या टोपल्या पुन्हा झाडून ठेवायची.

पासिंगच्या दिवशी आम्ही सगळे आरटीओत. काका, मावशी, मर्विन, रजा काढून आलेला अल्पेश, आणि मी. साहेबांनी दिवे बघितले, ब्रेक बघितला, धूर बघितला. मग टॉर्च घेऊन वाकले आणि खाली बघत राहिले. ठकठक करून पत्रा वाजवला. मावशीने पदराचं टोक दातांत धरलेलं. साहेब उठले, गुडघे झटकले. "वरून वीस वर्षांची आणि खालून नवी! कुणाचं काम हे?" मर्विनने काकांकडे बोट दाखवलं.

साहेबांनी कागदावर नजर टाकली. "म्हणजे मालक तुम्हीच?"

काका म्हणाले, "कागदावर मी, साहेब. मालकीन ही. मी नुसता न्हाऊ घालनारा."

सगळे हसले. मावशी हसली नाही, ती त्यांच्याकडे बघत राहिली. काकांनी डोकं खाजवलं आणि विचारलं, "गाडी हिच्या नावावर करायची, तर कुठला कागद भरायचा?"

मी पास झाले. पुढची पाच वर्षं निश्चिंत. टेम्पोवाल्याला मावशीने काहीच म्हटलं नाही. त्याच्या शेजारी मला लावलं आणि डिकी उघडली. चार दिवसांत तो दुसरं गेट शोधायला गेला.

तर मित्रांनो, दिनानाथांनी मला इतकं जपलं की मी उभ्या उभ्या झिजले. काकांनी इतकी आंघोळ घातली की मी सडले. दोघांचीही माया खरी होती, पण मला काय हवं ते कुणी विचारलं नाही. तुमच्याकडे सायकल असेल, कुंडी असेल, मांजर असेल, घरात म्हातारं माणूस असेल. माया भरपूर करा, पण आपल्याकडे जे उरलंय ते त्यांना घालू नका. त्यांना जे सोसतं, ते घाला.

परवा नवे कागद आले. मालकाचं नाव, कमळी धर्मा भोईर. मावशीने ते तीनदा वाचलं, बोट ठेवून. मग कागद पुढच्या खणात ठेवले आणि किल्ली फिरवली. काका धावत आले, "थांब गो, मी पन येतो!" आणि पुढचं दार उघडायला लागले.

"मागं बसा," मावशी म्हणाली. "पुढं केळी ठेवलीत."