थोरलीला आलेलं स्थळ

बाकीच्या सगळ्या गाड्या पुसून झाल्यावर काकांनी फडकं थोरलीच्या टपावर नेऊन झटकलं. बारीक धूळ सावकाश खाली बसली. एक पाऊल मागे येऊन त्यांनी नीट पाहिलं. पुढच्या काचेवर एक तुकडा स्वच्छ राहून गेला होता, तिथे त्यांनी पुन्हा एकदा झटकलं. पुसायचं काम खरं तर त्यांचं नव्हतं. ते गाड्या विकायला होते. पण ही सेवा ते रोज सकाळी आपणहून करत.

शोरूममध्ये गाड्या यायच्या आणि जायच्या. ही मात्र कोपरा धरून बसली होती. धाकट्या साऱ्या उजवल्या गेल्या म्हणून हिचं नाव थोरली पडलं. माहितीपत्रकात तिच्या रंगाला ‘पहाटेचं सोनं’ म्हटलं होतं. प्रत्यक्षात पहाटेला कावीळ झाली असावी असं दिसे. हे मॉडेल आणि हा रंग मॅनेजरसाहेबांनी स्वतः पसंत केला होता. वर मालकांपुढे छातीवर हात मारून सांगितलंही होतं, की आठवड्यात नाही गेली तर नाव बदलीन. गाडी गेली नाही. नावही बदललं नाही. मालक महिन्यातून एकदा येत, थोरलीपाशी थांबत आणि सगळ्यांच्या देखत एवढंच विचारत, “ही अजून इथेच?” तेव्हा साहेब आपल्या बुटांकडे बघत आणि काका साहेबांकडे बघत.

साहेबांना गाडी विकायला शिकवलं होतं ते काकांनीच. केबिन मिळाल्याबरोबर साहेबांनी काकांचं टेबल उचलून थोरलीच्या शेजारी लावलं. तेही काकांनी गिळलं असतं. पण एकदा एका गिऱ्हाइकाच्या हातात कॉफी देता देता साहेब हसून म्हणाले, “हे आमचे काका. जुने आहेत. ठेवलंय आपलं त्यांना.” वयात म्हणाल तर फार अंतर नव्हतं. साहेब केस रंगवत, काका रंगवत नसत. ते ‘ठेवलंय’ मात्र काट्यासारखं घशात अडकलं ते अडकलंच.

त्या दिवसापासून काका थोरलीच्या बाबतीत फक्त खरं बोलू लागले. त्यांच्या धंद्यात याहून मोठा घातपात नाही.

आणि आता फळ हाताशी आलं होतं. गेल्या फेरीत मालक म्हणाले होते, “पुढच्या वेळी ही इथे दिसली तर तुम्ही दिसणार नाही.” साहेब हादरले आणि आपली गाडी काढून परगावी एका प्रशिक्षणाला गेले. विषय होता, न खपणारा माल कसा खपवावा. ते शुक्रवारी परत येणार, आणि मालकही शुक्रवारीच. तोवर काकांना काहीही न करता बसायचं होतं. नोकरीत इतकं जबाबदारीचं काम त्यांच्यावर प्रथमच आलं होतं.

अशात बुधवारी दुपारी एक बाई दार ढकलून आत आल्या. साधी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, केस अर्धे पिकलेले. दारातूनच त्यांनी विचारलं,

“तुमचे साहेब गावाला गेलेत ना?”

“हो. शुक्रवारी येतील. काम होतं का?”

“नाही. नाहीत एवढंच बघायचं होतं.”

चकचकीत गाड्यांच्या रांगेकडे ढुंकूनही न बघता त्या सरळ कोपऱ्यात आल्या. थोरलीकडे त्यांनी असं पाहिलं, की जणू वर्णनावरून ओळख पटवून घेत होत्या.

“ही घ्यायची आहे.”

काका खुर्चीतून उठले. असे प्रसंग त्यांनी पूर्वीही निभावले होते.

“बाई, खरं सांगू? फार दिवस उभी आहे ही.”

“माहीत आहे.”

“उभं राहून राहून टायर कडक झालेत.”

“होऊ देत.”

“बॅटरी दमलीय. दुसऱ्या गाडीच्या तारा जोडून उठवावी लागते.”

“उठवायची कशाला?”

काकांनी थोरलीकडे हात केला. “लांबीला ही अशी अवाढव्य. वळवताना भल्याभल्यांना घाम फुटतो. चालवणार कोण?”

“कोणी नाही. मला येत नाही चालवता.”

“मग घरचं कोणी, यजमान...”

“ते नाहीत आता.”

“मग गाडीचं करणार काय तुम्ही?”

“उभी करणार,” बाई म्हणाल्या. “उभं राहायचं तर हिला चांगलंच जमतं ना?”

“त्यात हिचा हात कोणी धरणार नाही,” काका म्हणाले. हेही खरंच होतं. मग त्यांनी आपली खुर्ची पुढे सरकवली आणि प्यायला पाणी आणलं.

पाणी पिऊन झाल्यावर बाईंनी पेला टेबलावर बरोबर मधोमध ठेवला.

“तुमचे साहेब माझे धाकटे दीर. एकच घर, दोन भाग, मधे भिंत. भिंत कसली, पलीकडे शिंकलं की अलीकडे रुमाल काढावा. रोज रात्री जेवताना भावजी हिच्या नावाने खडे फोडतात. हिचा रंग, हिची लांबी, सगळं मला तोंडपाठ आहे.”

काका टेबलाच्या कडेला टेकले.

“आवारात एकच गाडी मावते. वाटण्या झाल्या तेव्हा ती जागा आमच्याकडे आली. हे गेल्यावरही यांची जुनी गाडी तिथेच होती. चालत नव्हती. मी आपली संध्याकाळी तिच्यात जाऊन बसायचे. माझ्या बाजूच्या सीटवर. मग लेकीच्या बाळंतपणाला गेले. परत येऊन बघते तर तिथे भावजींची गाडी. यांची भंगारात दिली म्हणाले. ‘वहिनी, नुसती जागा अडवत होती हो.’ असं, हसत.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“काही नाही. पुढच्या कप्प्यात यांचा चष्मा होता. तो काढून ठेवलात का, एवढं विचारलं. म्हणाले, ‘बघितलं नाही बुवा.’”

बाहेर रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवत गेलं. काकांनी थोरलीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

“दोनच दिवस थांबा,” ते हळू आवाजात म्हणाले. “शुक्रवारी मालक येतायत. ही इथे दिसली तर तुमच्या दिरांची नोकरी जाते. तुम्ही आत्ता नेलीत तर वाचतात. आलं का ध्यानात? मी कधीपासून टपून बसलोय.”

बाईंनी नाही अशी मान हलवली.

“नोकरीचं काय, दुसरी लागेल. जिभेवर खडीसाखर आहे त्यांच्या. घर कुठून बदलतील?” मग काकांकडे थेट बघत त्या म्हणाल्या, “आणि इथून गेले, की तुम्हाला दिसायचेसुद्धा नाहीत.”

हा मुद्दा काकांच्या लक्षात आला नव्हता. इतकी वर्षं माणसं गटवून त्यांनी पोट भरलं होतं. आज पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना गटवलं होतं, तेही खरं बोलून. त्यांनी साहेबांना फोन लावला आणि आवाज बाईंना ऐकू जाईल असा ठेवला.

“साहेब, थोरलीला गिऱ्हाईक आलंय.”

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. “खरं? कोण?”

“एक बाई आहेत. सवलत मागतायत.”

“द्या! मागतील ती द्या. सीट कव्हर द्या, विमा द्या, छत्री द्या. काका, जीव घ्या माझा, पण तिला हलवा!”

बाईंनी काहीतरी कुजबुजून सांगितलं.

“त्या म्हणतायत, नंतर परत न्या म्हणून मागे लागाल.”

“मी? अहो, त्यांना म्हणावं, ती जिथे असेल तिथे सुखाने उभी राहो. माझा काही आक्षेप नाही!”

“ऐकलंत?” काकांनी फोन ठेवून विचारलं.

“ऐकलं,” बाई म्हणाल्या. “सवयीचा आवाज आहे.”

शुक्रवारी दुपारी कागदपत्रं पुरी झाली. काकांनी थोरली धुऊन काढली. पहाट नाही तरी दुपार दिसेल इतपत चकचकीत केली. मग ती स्वतः चालवत बाईंच्या आवारात नेली आणि भिंतीला लागून, एका दमात, नेमकी लावली. बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. त्या खाली आल्या, शेजारच्या सीटवर बसल्या आणि दार ओढून घेतलं. काका रिक्षाने परतले.

चार वाजता मालक आले. रिकाम्या कोपऱ्यात उभं राहून त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि साहेबांच्या पाठीवर थाप मारली. साहेब नुकतेच परतले होते आणि घरी न जाता थेट कामावर आले होते. मालक गेल्यावर त्यांनी काकांना कवेत घेतलं.

“काका, मानलं बुवा! अशी वस्तू गळ्यात मारणं म्हणजे... बिचारी बाई! टेबल उद्याच खिडकीपाशी घ्या. आणि आज बस नाही, मी सोडतो तुम्हाला. पण आधी घरी चहा.”

साहेबांच्या गाडीत बसायचं काका नेहमी टाळत. आज ते पुढे बसले आणि न सांगता पट्टा बांधला.

“घरी त्रास कशाला उगीच,” ते म्हणाले.

“छे हो! बायको माहेरी आहे, पण शेजारी वहिनी आहेत ना. त्यांना हाक मारली की झालं. फार गरीब स्वभाव. इतक्या वर्षांत एका शब्दाने कधी उलटून बोलल्या नाहीत.”

“नशीबवान आहात,” काका म्हणाले.

साहेब शीळ घालत होते. बाजार मागे पडला, शाळा मागे पडली, गल्ली आली. फाटक सताड उघडं होतं. साहेबांनी वेग कमी न करता, रोजच्या सवयीने, चाक आत वळवलं.

ब्रेक करकचून लागला आणि शीळ मध्येच थांबली. काकांनी समोर पाहिलं नाही. समोर काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. सीटवर जरा तिरके होऊन ते साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिले.